एक्सपी-टेस्ट-२

कारखान्याचं नाव सांगत नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे, गाड्यांचे पार्ट बनतात, ऑफिस आणि शॉपफ्लोअर धरून दोनशेच्या आसपास कॉम्प्युटर, आणि आयटीत माणसं अडीच. एक आयटीवाले सर, एक डिप्लोमा करून नुकतंच लागलेलं पोरगं, आणि अर्धा मी, म्हणजे एएमसीवाला, वार्षिक मेंटेनन्सच्या कॉन्ट्रॅक्टवरचा, आठवड्यातले दोन दिवस.

नोव्हेंबर २०२४, दिवाळी होऊन प्लांट नुकताच उघडला होता आणि सिक्युरिटी वगैरे कोणाच्याच डोक्यात नव्हतं, डोक्यात होतं व्हीएमवेअरचं बिल, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ती कंपनी ब्रॉडकॉमकडे गेल्यापासून परपेच्युअल, म्हणजे एकदाच विकत घ्यायचं, लायसन्स बंद झालंय, आता सबस्क्रिप्शन आणि हिशोब सीपीयूच्या कोअरवर, त्यामुळे कोटेशन बघून मॅनेजमेंटने सांगितलं की आधी आहे ते मोजा, नको ते बंद करा. पोराने एक्सेल बनवलं. व्हीएमचं नाव, रॅम, डिस्क, कोणाची, कशासाठी. चार ओळींत शेवटचे दोन कॉलम रिकामे. तीन ओळींची माहिती सरांनी बसल्या जागी सांगितली. चौथी ओळ होती एक्सपी-टेस्ट-२, पॉवर्ड ऑन, अपटाइम चारशे दिवसांच्या वर.

शुक्रवारी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना पोरगं म्हणालं, "सर, ही एक्सपी म्हणजे विंडोज एक्सपी असेल का हो?" मी पण आधी तेच समजलो होतो. वर येऊन कन्सोल उघडला तर उबुंटूचं काळं लॉगिन. आयपी ब्राउझरमध्ये टाकला आणि समोर एक्सपेडिशनचं पान आलं. तेव्हा माझा चहा उतरला.

एक्सपेडिशन म्हणजे पालो आल्टो या फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं मायग्रेशन टूल. जुनी फायरवॉल सिस्कोची किंवा चेकपॉइंटची असली की तिचं कॉन्फिग यात टाकायचं, हे टूल त्याचे नियम नव्या फायरवॉलच्या भाषेत करून देतं. काम झालं की टूलची गरज संपते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी जुनी सिस्को एएसए काढून नवी फायरवॉल बसवली, मुंबईच्या एका पार्टनरच्या इंजिनिअरने आठवडाभर कॉन्फरन्स रूममध्ये बसून सगळं केलं, बिल झालं, पेढे वाटले, आणि ही व्हीएम तशीच चालू राहिली.

आता माझी चूक. १० जुलै २०२४ ला या टूलची सीव्हीई-२०२४-५९१० जाहीर झाली (सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या भोकाला दिलेला नोंदणी नंबर), स्कोअर दहापैकी ९.३, प्रकार 'क्रिटिकल फंक्शनला ऑथेंटिकेशनच नाही', म्हणजे महत्त्वाच्या कामाआधी ओळखच विचारत नाही. मी ती वाचली होती. वाचून "हे आपल्या कुठल्याच क्लायंटकडे नाही" म्हणून पुढे गेलो. ९ ऑक्टोबरला त्याच टूलमधल्या आणखी पाच बाहेर आल्या, आणि त्याच दिवशी होरायझन३ नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी जुलैवाल्या भोकाचं काम कसं चालतं ते सविस्तर लिहून टाकलं. तेही वाचलं, तेही सोडलं. ७ नोव्हेंबरला सीसा या अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती जुलैवाली 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' त्रुटींच्या यादीत घातली, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या लॉगिन पानासमोर बसलो होतो. म्हणजे चार महिने मला सगळं माहीत होतं, फक्त आपल्या घरात ती वस्तू आहे हेच माहीत नव्हतं.

ऑथेंटिकेशन बायपास आणि ऑथेंटिकेशन नसणं यात लोक गल्लत करतात. बायपास म्हणजे कुलूप आहे पण ते काहीतरी युक्ती करून उघडतं. इथे कुलूप बसवायचंच राहिलंय. त्रुटींच्या प्रकारांच्या यादीत सीडब्ल्यूई-३०६ म्हणतात त्याला. या टूलमध्ये झालं होतं असं की ॲडमिनचा पासवर्ड हरवला तर तो पुन्हा सुरुवातीचा करून देणारी एक पीएचपी फाइल होती, आणि ती वेब फोल्डरमध्येच होती. पीएचपीत जुन्या पद्धतीने लिहिलेल्या ॲप्लिकेशनमध्ये प्रत्येक फाइल हा स्वतंत्र दरवाजा असतो, लॉगिनचं पान पुढे कितीही सुंदर असलं तरी प्रत्येक फाइलने आपल्यापुरतं विचारायचं असतं की बाबा तू कोण, तुझं सेशन आहे का. एका फाइलने नाही विचारलं की संपलं. बँकेच्या दारात डुप्लिकेट किल्ल्या करणारा बसवून ठेवावा आणि त्याने येईल त्याला नाव न विचारता लॉकरची किल्ली घासून द्यावी, तसं.

प्लांटला साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही, शनिवारी असते, म्हणून ९ तारखेला सकाळीच गेलो. आधी व्हीएमचं नेटवर्क तोडलं, स्नॅपशॉट घेतला, एक क्लोन बनवला आणि तो बाहेर कुठेच न जोडलेल्या व्हर्च्युअल स्विचवर टाकला. मूळ व्हीएमला हात लावायचा नाही हे पोराला तीनदा सांगितलं. मग त्याच बंद खोलीतल्या दुसऱ्या व्हीएमवरून क्लोनला एक रिक्वेस्ट पाठवली, युजर नाही, पासवर्ड नाही, कुकी नाही, फक्त पत्ता. एका सेकंदात उत्तर आलं. लॉगिन पानावर गेलो, टूलचा डिफॉल्ट पासवर्ड टाकला, आत.

पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, "एवढंच?"

"एवढंच."

त्याने कॉलेजात हॅकिंगचे व्हिडिओ पाहिलेले, त्याला वाटलं होतं काहीतरी हिरवी अक्षरं पळतील.

आत काय होतं ते बघितल्यावर मात्र दोघंही गप्प झालो. प्रोजेक्टमध्ये जुन्या एएसएचं पूर्ण कॉन्फिग पडलेलं. एएसएवर नेहमीची 'शो रन' कमांड मारली तर व्हीपीएनच्या प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्ही टोकांना सारखा ठेवलेला गुप्त शब्द, चांदण्यांनी झाकलेल्या दिसतात, म्हणून मायग्रेशन करणारे 'मोअर सिस्टिम रनिंग-कॉन्फिग' मारून फाइल काढतात, त्यात किल्ल्या उघड्या येतात. आमच्या फाइलमध्ये पाचही व्हीपीएन टनेलच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटशी आणि कस्टमरशी जोडणाऱ्या बंद वाटांच्या, किल्ल्या सरळ वाचता येत होत्या, आणि नव्या फायरवॉलवर त्याच किल्ल्या जशाच्या तशा ठेवलेल्या, कारण समोरच्या पार्टीला फोन कोण करणार. त्याशिवाय नव्या फायरवॉलला जोडायला घेतलेली एपीआय की, म्हणजे प्रोग्राम पासवर्डऐवजी वापरतो ती किल्ली. फायरवॉलवर या कीची मुदत वेगळी सेट केली नाही तर ती आपोआप कधीच संपत नाही, आणि ती सुपरयुजर खात्याची होती. मी तपासली. चालत होती.

सिक्युरिटीच्या सॉफ्टवेअरमध्ये असं भोक निघालं की ते साध्या ॲप्लिकेशनपेक्षा वाईट का, तर इथे माल नसतो, मालाच्या किल्ल्या असतात. आणि हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. २३ ऑक्टोबर २०२४ ला फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिमॅनेजरची सीव्हीई-२०२४-४७५७५ आली, स्कोअर ९.८, अगदी हाच प्रकार, शेकडो फायरवॉल एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि फायरवॉलशी बोलणाऱ्या त्याच्या सर्व्हिसमध्ये, ५४१ पोर्टवर, ऑथेंटिकेशनच नाही. मँडियंट या सायबर तपास करणाऱ्या कंपनीने सांगितलं की हल्ले २७ जूनपासून चालू होते. त्याआधी मार्च २०२३ मध्ये व्हीम कंपनीच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये, सीव्हीई-२०२३-२७५३२, ९४०१ पोर्टला काही न विचारता साठवलेले एन्क्रिप्टेड पासवर्ड मिळायचे, आणि ते पुढे रॅन्समवेअरवाल्यांनी वापरलं. तिन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते, जिथे माणूस लॉगिन करतो ते पान नीट आहे, आणि जिथे मशीन मशीनशी बोलतं किंवा दुरुस्तीचं काम चालतं तिथे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की इकडे कोण येतंय. हे माझं मत, कोड मी तिघांचाही वाचलेला नाही.

आता प्रश्न, आमच्याकडे इकडे कोण आलं होतं का?

सर म्हणाले, "अहो ती बाहेरून दिसतच नाही. इंटरनेटवर नाहीये. बंद करा, डिलीट मारा, विषय संपला." हा युक्तिवाद मी दहा ठिकाणी ऐकलाय आणि खरं सांगायचं तर स्वतःही केलाय. पण टूलच्या कंपनीने काढलेल्या ॲडव्हायझरीत 'नेटवर्क ॲक्सेस असलेला' एवढंच म्हटलंय, इंटरनेटवरून असं नाही. म्हणून फायरवॉलवर या व्हीएमकडे जाणारे नियम शोधले. एक सापडला, नाव 'टेंप-मायग्रेशन'. पार्टनरचा इंजिनिअर कॉन्फरन्स रूममध्ये बसायचा म्हणून त्या रूमच्या व्हीलॅनमधून, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यातून, या व्हीएमला सगळं मोकळं. आणि मायग्रेशननंतर सहा महिन्यांनी तोच व्हीलॅन आम्ही व्हिजिटर वायफायला दिला होता. आम्ही म्हणजे मीच, माझ्याच हाताने. म्हणजे गेली दीड वर्षं जो कोणी ऑडिटर, सप्लायर, मुलाखतीला आलेला उमेदवार रिसेप्शनवरून वायफायचा पासवर्ड घेऊन बसला, त्याला ती किल्लीवाली पेटी समोर होती.

फायरवॉलवर प्रत्येक नियमापुढे हिट काउंट आणि शेवटचा हिट कधी ते दिसतं. शेवटचा हिट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातला. म्हणजे त्या दिवशी व्हिजिटर वायफायवरून कोणीतरी त्या व्हीएमला हात लावला होता. कोणी? त्या नियमावर लॉगिंगची टिकच काढलेली. बरं, मग व्हीएमच्या आतल्या अपाचेच्या लॉगमध्ये बघू, तर उबुंटूवर अपाचेचे लॉग डिफॉल्टने रोज बदलतात आणि चौदा ठेवतात. सगळ्यात जुनी ओळ २६ ऑक्टोबरच्या आसपासची. त्यामागचं काही नाही. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, आम्ही ते फायरवॉलसाठी आणि सर्व्हरसाठी करत होतो, पण ज्या व्हीएमचं अस्तित्वच माहीत नाही तिचे लॉग कोण पाठवणार.

शेवटी पोराला सुचलं, गेटचं रजिस्टर. सुट्टीच्या दिवशी वॉचमन नाना एकटेच होते, त्यांनी ते जाडजूड लाल रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं, "बघा साहेब, आमच्याकडे सगळ्यांची सही असते." त्या तारखेला अकरा नावं. दोन ऑडिटर, एक कुलरवाला, कंप्रेसरच्या सर्व्हिसचे तिघे, बाकी सप्लायर. कोणाच्या लॅपटॉपने मुद्दाम काही केलं असेल का? असेलही, भोकाची माहिती जाहीर होऊन आठवडाच झालेला होता. नसेलही, कित्येक लॅपटॉपवर प्रिंटर शोधणारं किंवा नेटवर्क चाळणारं काहीतरी चालू असतं, त्यानेही हिट पडतो. व्हीएमवर ॲडमिनचा पासवर्ड मात्र डिफॉल्ट नव्हता, म्हणजे कोणी ती फाइल वापरून तसाच सोडून गेलेलं दिसत नव्हतं, पण वापरून नंतर पुन्हा बदलला असेल तर? हे असं दुपारी दोनपर्यंत चाललं.

प्लांट हेड साहेबांना फोन केला, ते गंगापूर रोडला कुठल्यातरी कार्यक्रमात होते, मागे सनई वाजत होती.

"काही गेलंय का?"

"माहीत नाही साहेब."

"म्हणजे गेलं नाहीये."

"तसं नाही म्हणता येत साहेब. गेलं असं धरून चालावं लागेल."

थोडा वेळ सनईच ऐकू आली. मग म्हणाले, "उद्या लाइन बंद पडता कामा नये, बाकी काय करायचं ते करा."

पार्टनरला पण फोन केला. तो इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून गेलेला. त्यांनी साइन-ऑफचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत, 'मायग्रेशन टूल काढणे: कस्टमरच्या स्कोपमध्ये.' खाली आमच्या सरांची सही. भांडायला जागाच नाही.

लोकांना वाटतं की काम म्हणजे पॅच मारणं. जुलैवालं भोक १.२.९२ मध्ये बुजवलं होतं, ऑक्टोबरची पाच १.२.९६ मध्ये, आणि कंपनीने सोबत स्पष्ट लिहिलं होतं की या टूलमधून गेलेले सगळे युजरनेम, पासवर्ड आणि एपीआय की बदला. टूलचाच शेवट ३१ डिसेंबर २०२४ ला ठरलेला, त्यामुळे अपग्रेड करण्यात अर्थ नव्हता, व्हीएम बंद करायला अर्धा मिनिट लागला. ते दुसरं वाक्य निस्तरायला दोन आठवडे.

फायरवॉलच्या ॲडमिनचे पासवर्ड बदलले, खात्याचा पासवर्ड बदलला की त्याची जुनी एपीआय की मरते, ते तपासून घेतलं. एसएनएमपी आणि रेडियस या नेटवर्क सर्व्हिसचे पासवर्ड, लोकल व्हीपीएन युजर, होत गेलं. मग चार वाजता आलं ते एलडॅपचं खातं, ज्याने फायरवॉल ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (कंपनीतल्या सगळ्या युजरची यादी ठेवणाऱ्या डोमेनला) विचारते की हा युजर कोणत्या ग्रुपमधला. पासवर्ड बदलला, फायरवॉलवर नवा टाकला, टेस्ट झाली, हिरवं आलं. आम्ही खूश होऊन मिसळ खायला गेलो, शनिवारी संध्याकाळी मिसळ म्हणजे नाशिककराला सांगायला नको.

रविवारी सकाळी सातच्या शिफ्टला फोन सुरू झाले. व्हीपीएनवाले आत येईनात, ऑफिसात इंटरनेट कोणाला आहे कोणाला नाही. येऊन बघतो तर एलडॅपचं खातं लॉक. अनलॉक केलं, सहा मिनिटांत परत लॉक. कोणीतरी जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत होतं आणि पाच चुका झाल्या की डोमेन ते खातं बंद करत होतं, त्यात फायरवॉलही बाहेर राहत होती. क्षणभर मला खरंच वाटलं की आलाच तो हल्लेखोर. मग डोमेन कंट्रोलरवर ४७४० नंबरचा इव्हेंट उघडला, त्यात लॉकआउट कोणत्या मशीनमुळे झाला त्याचं नाव येतं. दोन नावं. एक डिस्पॅचचा मोठा प्रिंटर, जो इन्व्हॉइस स्कॅन करून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो. दुसरं टूलरूममधला विंडोज ७ चा पीसी, त्याच्यावर एक बॅच फाइल दर पाच मिनिटांनी सीएमएम या मोजमापाच्या मशीनचे रिपोर्ट सर्व्हरला ढकलते. दोघांनाही कोणीतरी कधीकाळी 'हे खातं आहेच की चालू' म्हणून फायरवॉलचंच खातं दिलेलं. बॅच फाइल नोटपॅडमध्ये उघडली, पहिल्याच ओळीत पासवर्ड. टूलरूमचे दादा मागे उभे, ते म्हणाले, "हे तर आम्हा सगळ्यांना माहितीये, पीसी बदलला तेव्हा मीच टाइप केलं होतं." ज्या पासवर्डसाठी मी दोन दिवस रक्त आटवत होतो तो टूलरूममध्ये तोंडपाठ होता.

प्रिंटरला वेगळं खातं, बॅच फाइलला वेगळं, दोघांना फक्त आपापल्या फोल्डरचा हक्क. अकरा वाजता सगळं शांत.

टनेलच्या किल्ल्यांपैकी तीन आपल्याच होत्या, सिन्नरचं युनिट आणि दोन गोडाऊन, त्या सोमवारी रात्री उरकल्या. उरलेल्या दोन कस्टमरच्या. एकाने अर्ध्या तासात फोनवर बदलून दिली. दुसरा चाकणचा, मोठा, त्यांचा फॉर्म आला: बदलाचं कारण लिहा. मी खरं लिहिलं होतं, सरांनी ते खोडून 'रूटीन की रोटेशन' केलं. मला पटलं नाही, आजही पटलेलं नाही, किल्ली त्यांचीही होती आणि त्यांना कळायला हवं होतं. पण सरांची बाजूही समजते, पुढच्या महिन्यात त्यांचं सप्लायर ऑडिट होतं. कारण रूटीन म्हटल्यावर त्यांनीही रूटीनमध्येच घेतलं आणि तारीख दिली २० नोव्हेंबर. त्या दिवशी मतदानाची सुट्टी हे दोन्हीकडे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग शनिवार २३ ला झालं, निकालाच्या दिवशी, एका कानाला त्यांचा इंजिनिअर आणि दुसऱ्या खोलीत टीव्हीवर आघाडी-पिछाडी. तोवर किल्ली जुनीच. तेवढ्यापुरती दिलासा देणारी गोष्ट एवढीच की दोन्ही टोकांना समोरचा आयपी पक्का बांधलेला होता, नुसती किल्ली हातात असून दुसऱ्या आयपीवरून टनेल उभा राहिला नसता.

मधल्या काळात, १४ नोव्हेंबरला, सीसाने ऑक्टोबरच्या पाचांपैकी आणखी दोन यादीत घातल्या. पोराने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'आपली बंद आहे सर.'

सर्ट-इनला कळवायचं का यावर बराच खल झाला. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, पण घटना झाली की नाही हेच आमच्या हाती नव्हतं. शेवटी सगळं तारीख-वेळेसह लिहून काढलं, हिट काउंटचा फोटो, रजिस्टरच्या पानाचा फोटो, सरांची आणि प्लांट हेड साहेबांची सही. कळवलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कळवलं असतं, पण सही माझी नसते. व्हीएमची डिस्क एका हार्डडिस्कवर काढून, पाकिटात सील करून, सरांच्या कपाटात. मूळ व्हीएम मग उडवली.

आता एक्सेलमध्ये 'कोणाची' कॉलम रिकामा ठेवता येत नाही, पोराने सेलच तसा बांधलाय, आणि दर तीन महिन्यांनी तो एकेकाकडे जाऊन विचारतो. जानेवारीत त्याने आणखी एक काढली, नेटवर्क मॉनिटरिंगची ट्रायल, २०२१ पासून चालू, लॉगिन पान व्यवस्थित, पण स्टेटसचं पान काहीच न विचारता उघडायचं आणि त्यात सगळ्या स्विचची नावं, आयपी, फर्मवेअर. मी म्हटलं कोणी बसवली बघ. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कॉलममध्ये त्याने आधीच माझं नाव टाइप केलं होतं.